स्टीलची ताटली अन् बापूंची बादली

परवा सेलूहून बापूंचा फोन. "आरं, गंज काढायचा व्हिडिओ बघितला का? बादली तयार हाय, निस्ता चार्जर लावायचा राहिलाय." तोच मेसेज, जो सध्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय: बादलीभर पाण्यात मूठभर मीठ, बॅटरी चार्जरची काळी वायर गंजक्या खुरप्याला, लाल वायर स्टीलच्या ताटलीला, रात्रभर खोली बंद. सकाळी खुरपं लख्ख, आणि उरलेलं 'लोहयुक्त' पाणी पिवळ्या पडलेल्या सोयाबीनला.

गंज निघतो, हे कबूल. खरं तेवढंच.

मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लाल वायरीपाशी क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. "खायचं मीठच हाय की!" बापू म्हणे. तिथं धुण्याचा सोडा लागतो, लिटरला चमचाभर.

पण माझं डोकं फिरलं ते ताटलीवरून. स्टील गंजत नाही म्हणून घ्या, असं सांगितलंय. ते गंजत नाही ते त्यातल्या क्रोमियममुळं. लाल वायर लावली की ताटलीच झिजायला लागते आणि क्रोमियम पाण्यात उतरतं. त्यातलं काही हेक्झाव्हॅलंट, म्हणजे सगळ्यात घातक रूपातलं. मिठाऐवजी सोडा घातला तरी यातून सुटका नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं या हेक्झाव्हॅलंट क्रोमियमला माणसाला कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात टाकलंय, तंबाखूच्या पंगतीत. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं, असं आपलं भारतीय मानक सांगतं. आणि हे पाणी बापू विहिरीकडंच्या तुकड्यात ओतणार होते! ताटलीच्या जागी साध्या लोखंडाची पट्टी लावा. ती खराब होणारच, होऊ द्या.

सोयाबीनचं म्हणाल तर आपल्या चुनखडीच्या रानात लोह असतंच, ते मुळांना मिळत नाही. गंजाचा गाळ पाण्यात विरघळत नाही, त्यानं काय मिळणार? वरून मीठ. फेरस सल्फेट फवारा, स्वस्तात काम होतं.

पाण्यातून वीज गेली की हायड्रोजनही सुटतो, आणि बंद खोलीत तो साठतो. हवेत ४ टक्के झाला की पेटायला एक ठिणगी बस्स, आणि चालू चार्जरचा चिमटा काढताना ती उडतेच. काम उघड्यावर करा, चिमटा काढायच्या आधी प्लग काढा. लवकर व्हावं म्हणून कुणी त्यात संडासचं अ‍ॅसिड ओतायला सांगतंय, त्याला तर ग्रुपमधून काढा. वीज गेलेल्या मिठाच्या त्या पाण्यात अ‍ॅसिड पडलं की क्लोरीन भसकन वर येतो.

एवढं सगळं फोनवर सांगून झालं, तर बापू म्हणाले, "ताटली तर सकाळीच काकूनं उचलून नेली. लग्नातली हाय, नाव कोरलेली."