नाव पेनसिल्व्हेनियाचे, साचा भलताच

सप्रेम नमस्कार.

जुन्या अमेरिकी मालगाड्यांच्या वाघिणींच्या प्रतिकृती कशा पारखाव्यात, या माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत: रुळांविषयीचे माझे विधान चुकीचे आहे, आणि रंग व अक्षरे बरोबर असताना बाकीची मोजमापे घेत बसणे म्हणजे निव्वळ काथ्याकूट आहे.

पहिला आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे. एचओ प्रमाणाचे, म्हणजे 1:87 चे, 16.5 मिलिमीटरचे रूळ आपल्या ब्रॉडगेजलाही चालतात, असे मी लिहून गेलो. 16.5 ला 87 ने गुणले की 1435 मिलिमीटर येतात आणि दोन रुळांमधले ते अंतर अमेरिकेचे आहे. आपल्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉडगेजला 19.3 मिलिमीटर हवेत. गंमत म्हणजे वडोदऱ्याजवळच्या डभोईच्या 762 मिलिमीटरच्या जुन्या नॅरोगेजला 1:87 मध्ये एन या आणखी लहान प्रमाणाचे 9 मिलिमीटरचे रूळ जवळजवळ नेमके बसतात. वडोदऱ्यात राहून हा हिशेब मी आधीच करायला हवा होता. लेखातले ते वाक्य आज दुरुस्त केले आहे.

दुसरा आक्षेप मात्र मान्य करता येत नाही. माझ्याकडे पेनसिल्व्हेनिया रेल्वे या अमेरिकी कंपनीची म्हणून घेतलेली एक बंद वाघीण आहे. रंग सुरेख, अक्षरे भिंगाखालीही स्वच्छ, बाजूवर ‘एक्स 29’ हा वर्गही छापलेला. खरी एक्स 29 ही 1924 पासून बांधली गेलेली पोलादी वाघीण. तिची आतली उंची 8 फूट 7 इंच, आणि सुरुवातीच्या वाघिणींची टोके सपाट पत्र्याची. माझ्या प्रतिकृतीच्या टोकांवर जाड आडव्या पन्हळी आहेत आणि कॅलिपर लावल्यावर ती साडेसहा मिलिमीटरने उंच भरली, कारण तिचा साचा 1947 नंतरच्या, 10 फूट 6 इंच आतल्या उंचीच्या वाघिणीचा आहे. जुन्या छायाचित्रांत एक्स 29 ओळखू येते ती शेजारच्या नव्या वाघिणींपेक्षा बसकी दिसते म्हणून. तीच खूण इथे पुसली गेली आहे, आणि ती रंगाने परत येत नाही.

असल्या चिकित्सेला महागडी पितळी प्रतिकृतीच लागते, हे आपले म्हणणे मला पटत नाही. विक्रेत्याकडून टोकाचा आणि तळाचा, शेजारी पट्टी ठेवून काढलेला फोटो मागवायला काही पडत नाही. कोणत्या क्रमांकांच्या वाघिणींची मापे काय होती, हे त्या काळच्या ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’मध्ये रेल्वेवार दिलेले असते.

आपण 1950 ची गाडी मांडत आहात, असे लिहिले आहे. तळाशी ब्रेकचा सिलिंडर आणि हवेची टाकी एकाच तुकड्यात दिसली तर तो जुन्या ‘के’ प्रकारचा हवेचा ब्रेक. सिलिंडर, टाकी आणि व्हॉल्व असे तीन सुटे भाग दिसले तर त्यानंतरचा ‘एबी’ प्रकार. नव्या वाघिणींना 1933 पासून एबी सक्तीचा झाला, पण एका रेल्वेकडून दुसरीकडे जाणाऱ्या वाघिणींवर के ब्रेकला बंदी आली ती 1953 मध्ये. त्यामुळे आपल्या गाडीत दोन्ही शोभतील. छपरावरची चालायची फळी मात्र हवीच, कारण ती काढायला 1966 नंतर सुरुवात झाली.

आपल्या वाघिणीच्या टोकाचा आणि तळाचा फोटो पाठवलात, तर साचा कोणत्या सालाचा आहे ते मापे घेऊन कळवीन.