क्रोममधला आयफोन म्हणजे आयफोन नव्हे

‘क्रोममध्ये एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा, फोनच्या यादीतून आयफोन निवडा, झालं वेबसाइटचं मोबाइल टेस्टिंग, खरा फोन लागतच नाही’ असा सल्ला सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे.

तिथे होतं काय? पानाची रुंदी बदलते, सर्व्हरला आयफोनचा यूझर एजंट, म्हणजे ब्राउझरची ओळख सांगणारी ओळ, जातो आणि माउसचा बाण जाऊन बोटाच्या टोकाएवढा करडा गोल येतो. क्लिक केलं की पानाला आधी टचस्टार्ट, टचएंड (बोट टेकलं, बोट उचललं) हे इशारे मिळतात, मग क्लिक. माउस नुसता वर नेल्यावर उघडणारा मेनू इथे तसा उघडत नाही. एवढी एक चूक सापडली तरी खटाटोप वसूल! शिफ्ट धरून ओढलं तर चिमटीने झूम करण्याचीही नक्कल होते.

पण पान रंगवणारं इंजिन क्रोमचंच राहतं, ब्लिंक. आयफोनच्या सफारीत असतं वेबकिट. सफारीचे खास बग मग इथे दिसणार कसे? स्क्रीनवरचा कीबोर्डही वर येत नाही. माझ्या एका फॉर्मचं ‘पुढे’ बटण खऱ्या फोनवर त्या कीबोर्डखाली गडप झालं होतं. लॅपटॉपवर सगळं झकास. वेगही लॅपटॉपच्या प्रोसेसरचाच, सीपीयू थ्रॉटलिंग लावून तो मुद्दाम कमी केला तरी तो अंदाजच.

म्हणून शेवटी खऱ्या फोनवरच तपासा. अँड्रॉइड फोनवर यूएसबी डीबगिंग (केबलमधून फोन तपासू देणारं सेटिंग) सुरू करा, केबल लावा आणि लॅपटॉपच्या क्रोममधलं इन्स्पेक्ट पान (chrome://inspect) उघडा. आयफोन मॅकला जोडून तिथल्या सफारीतून तपासता येतो.