बॅटरी बदलून मोकळं व्हायचं? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका,

पंचेचाळीस वर्षं दुचाकी चालवताय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणून थेट काका म्हणतोय. राग मानू नका. प्रतिक्रिया आधी वाचली तेव्हा मलाही थोडा आलाच होता, मग रात्री पुन्हा वाचली.

इतर वाचकांसाठी आधी तुमचे आक्षेप सांगतो. दुचाकीची बॅटरी बसल्यावर काय काय तपासायचं यावर मी गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं : मल्टिमीटरवर १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरीसुद्धा मेलेली असू शकते, हे मी लिहिलंच नाही. चालू गाडीत बॅटरीची वायर काढून चार्जिंग तपासायची जुनी पद्धत मी 'अडाणीपणा' म्हणून उडवून लावली. इंजेक्शनची (म्हणजे कार्ब्युरेटर नसलेली, नवी) गाडी ढकलून सुरू होत नाही असं ठोकून दिलं, आणि तुमच्या पुतण्याची गाडी तर पुण्यातल्या सुतारदऱ्याच्या उतारावर झाली सुरू. शिवाय एवढा उपद्व्याप करतो कोण, नवी बॅटरी टाकावी आणि मोकळं व्हावं. वर "मल्टिमीटर विकत घेतला म्हणून कोणी मेकॅनिक होत नाही" हा घरचा आहेर.

पहिला मुद्दा शंभर टक्के तुमचा. मी लिहिलं होतं की गाडी बंद ठेवून तासाभराने मोजल्यावर १२.६ ते १२.८ व्होल्ट आले तर बॅटरी ठीक, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेली. आकडे बरोबर आहेत, निष्कर्ष अर्धवट होता. हा नुसता विश्रांतीतला, काही भार नसतानाचा व्होल्टेज. आतल्या प्लेटा सल्फेट धरून निकामी झाल्या असल्या तरी चार्जरवरून काढलेली बॅटरी ऐटीत १२.७ दाखवते. खरं रूप कळतं ते भार टाकल्यावर. मीटरचे टोक बॅटरीला लावून ठेवायचे, सेल मारायचा आणि आकडा कुठपर्यंत कोसळतो ते बघायचं. दहाच्या आसपास टिकला तर बॅटरीत जीव आहे. सात-आठवर आला आणि रिले नुसता टकटक करत राहिला तर बॅटरी गेली, किंवा टर्मिनल ढिलं आहे. यातलं काय, तेही तिथल्या तिथे कळतं. एकदा टोक शिशाच्या खुंटीवर टेकवून मोजायचं, एकदा वायरच्या चकतीवर. खुंटीवर अकरा आणि चकतीवर आठ आले तर बिचाऱ्या बॅटरीचा दोष नाही, मधल्या गंजाचा आहे. आणि सेल मारूनही आकडा साडेबारावरून हललाच नाही, तर मोटरपर्यंत करंट जातच नाहीये. मग किल स्विच, क्लचचा स्विच, साइड स्टँडचा स्विच, सेल्फचा रिले, या ओळीने बघत जायचं. साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल गेला म्हणून बॅटरी बदललेला एक माणूस माझ्याच सोसायटीत आहे. हे सगळं मूळ लेखात असायला हवं होतं. नव्हतं.

ढकलण्याबद्दल आपण दोघेही थोडे थोडे चुकलोय. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल वर चढवायला पंप लागतो, ठिणगी कधी पाडायची हे ईसीयू, म्हणजे गाडीतला छोटा संगणक, ठरवतो, आणि दोघांनाही बॅटरीतून थोडा तरी करंट हवा. चावी फिरवल्यावर टाकीखालून पंपाची ती 'ज्झ्झ' आली आणि गाडीच्या मीटरचे दिवे धड लागले, तर सेल फिरवण्याइतकी ताकद नसली तरी या दोघांपुरती आहे असं समजायचं. अशी गाडी दुसऱ्या गिअरवर उतारावरून सोडली की होते सुरू. पुतण्याची झाली ती अशीच. पण चावी फिरवल्यावर सगळं अंधारात असेल, तर सुतारदऱ्यावरून थेट पौड रोडला उतरलात तरी काही व्हायचं नाही.

आता वायर काढण्याबद्दल. 'अडाणीपणा' हा शब्द मी मागे घेतो, कारण ती पद्धत अडाणी नव्हतीच. ज्या गाड्यांसाठी होती त्यांना ती शोभत होती. तुमच्या उमेदीच्या काळात बहुतेक गाड्यांची ठिणगी मॅग्नेटोतल्या (इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या भागातल्या) वेगळ्या कॉइलवर चालायची, हेडलाइट थेट त्याच्या एसी करंटवर. आपल्याकडच्या कित्येक जुन्या स्कूटरना तर बॅटरीच नव्हती, म्हणून गाडी मंद झाली की हॉर्न घुसमटायचा आणि अलका चौकात सिग्नलला थांबलं की हेडलाइट पिवळा पडायचा. तिथे बॅटरी म्हणजे हॉर्न-इंडिकेटरपुरता पाहुणा. पाहुणा गेला म्हणून घर थांबत नाही.

आता बॅटरी घरातली आहे. मॅग्नेट कॉइलमधून एसी करंट निघतो, आरआर (रेग्युलेटर-रेक्टिफायर) युनिट त्याचा डीसी करतं आणि जास्तीचा व्होल्टेज छाटतं. तरी जे बाहेर येतं ते सरळ नसतं, उसळ्या मारत येतं. या उसळ्या पिऊन घ्यायचं काम बॅटरीचं. आपल्या इमारतीत महापालिकेचं पाणी कधी धो धो येतं, कधी करंगळीएवढं, तरी गच्चीवरच्या टाकीमुळे घरातला नळ एकसारखा वाहतो ना? चालू गाडीत बॅटरीची वायर काढणं म्हणजे ती टाकी बाजूला करून पंप थेट नळाला जोडण्यासारखं. उसळी थेट ईसीयूवर, डिजिटल मीटरवर, एलईडी हेडलाइटवर. दर वेळी काही जळेल असं नाही. तुम्ही दहा वेळा केलं आणि काही झालं नाही, हे मी मानतो. पण अकराव्यांदा ईसीयू गेला तर त्या पैशात चार बॅटऱ्या येतात. शिवाय गाडी चालू राहिली म्हणजे चार्जिंग होतंय, एवढंच त्यातून कळतं. किती होतंय, ते नाही. तेच मीटर बॅटरीवर ठेवून चार-पाच हजार आरपीएमला बघितलं की सरळ आकडा मिळतो. साडेतेरा ते साडेचौदा म्हणजे उत्तम. तेराच्या खाली राहिला तर बॅटरी उपाशी. पंधराच्या वर गेला तर आरआर युनिट गेलंय आणि ते बॅटरी उकळवतंय. ही दुसरी तऱ्हा लोकांच्या लक्षातच येत नाही, कारण बॅटरी मेली की ती उपाशीच मेली असं आपण धरून चालतो.

आणि आता तुमचा शेवटचा मुद्दा, ज्यावर मी तसूभरही हलणार नाही. 'नवी टाका आणि मोकळे व्हा.'

मी झालो होतो की मोकळा! दोनदा. माझी दीडशे सीसीची गाडी एका जूनमध्ये पार्किंगमध्ये मेली. तीन वर्षांची बॅटरी, वय झालं म्हटलं, नाना पेठेत जाऊन नवी आणली, दुकानातल्या पोराने बसवून दिली. सहा-सात आठवडे झकास. मग ऑगस्टात चांदणी चौकात भर पावसात सिग्नलला बंद पडली, सेल मारला तर टक. मागचे हॉर्न तुम्ही कल्पू शकता. मी दुकानदाराला शिव्या घातल्या, त्याने हमीत दुसरी दिली (भला माणूस). दिवाळीच्या आत तीही बसली. तोवर माझ्याकडे मल्टिमीटर नव्हता. तपकीर गल्लीतून आणला तो त्या आठवड्यात, निव्वळ चिडून.

पहिलंच माप : पाच हजार आरपीएमला बॅटरीवर १२.७. म्हणजे चार्जिंग नावालाच. मॅग्नेटचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, सोडवला. तीन पिवळ्या वायरी असतात त्याला. गाडी चालू करून कॉइलच्या बाजूने दोन-दोन वायरींमधला एसी व्होल्टेज मोजला, तिन्ही जोड्यांत सारखा. गाडी बंद करून प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिन यांच्यात जोड आहे का पाहिलं, नव्हता. म्हणजे कॉइल ठणठणीत. मग कपलरच उजेडात धरला. तीनपैकी एका पिनभोवतीचं प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलं होतं आणि पिन काळी ठिक्कर. तीन फेजमधला एक जवळजवळ नाहीच. हेडलाइट आणि ब्रेक लाइटला पुरेल एवढा करंट यायचा, बॅटरीच्या वाट्याला चुळकाभर. दोन्ही नव्या बॅटऱ्या मी अशा उपाशी मारल्या. कपलर कापून तिन्ही वायरी डाख देऊन जोडल्या, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवली. सगळा खर्च चहा-वड्याएवढा. पुन्हा मोजलं, १४.२. तिसरी बॅटरी अजून चालू आहे.

सांगायचा मुद्दा काका, बॅटरी फक्त वयाने मरत नाही. पुण्यात तर तिचे हाल पाहावत नाहीत. कोथरूडहून डेक्कन, चार-पाच किलोमीटर, त्यात सिग्नल किती ते मोजायचं मी सोडून दिलंय. एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांचा हेडलाइट बंद करायचा स्विचच गेला. ३५ वॅटचा हॅलोजन म्हणजे जवळजवळ तीन अँपिअर, दिवसाउजेडीसुद्धा. कर्वे रोडवर आयडलला उभी गाडी अनेकदा जेमतेम बरोबरी साधते. सकाळचा सेल मारताना जे गेलं ते भरून यायच्या आतच ऑफिस येतं. असं रोज थोडं थोडं देणं थकत जातं. अशा गाडीला नवी बॅटरी टाकून उपयोग किती? तिला रविवारी तासभर खडकवासल्याकडे फिरवा, नाहीतर महिन्यातून एकदा चार्जर लावा. चार्जर मात्र दुचाकीचाच. नऊ अँपिअर-अवर क्षमतेच्या बॅटरीला एक अँपिअरच्या आत, रात्रभर. गॅरेजमधल्या मोटारीच्या चार्जरवर तासाभरात 'फुल' करून देणारे भेटतात, ते बॅटरी भाजून देतात.

दुसरा चोर म्हणजे गाडी बंद असताना करंट खाणारी वस्तू. गणपतीला लोक आठ-दहा दिवस कोकणात जातात, आल्यावर गाडी मेलेली. बंद गाडीत घड्याळ वगैरे धरून एक-दोन मिलिअँपिअर जातात, ते क्षम्य. पण चोरीच्या भीतीने बसवलेला ट्रॅकर वीस मिलिअँपिअर खात असेल तर हिशेब करा. दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-अवर, दहा दिवसांत नऊपैकी पाच साफ. मोजायचं असेल तर चावी बंद करून निगेटिव्ह वायर काढायची, मीटर दहा अँपिअरच्या भोकात लावून खुंटी आणि वायरच्या मध्ये धरायचा, आकडा छोटा दिसला तर मिलिअँपिअरवर यायचं. मीटर तसा मध्ये असताना चुकूनही सेल मारायचा नाही. मी मारलाय. मीटरचा फ्यूज मिळायला चार दिवस गेले. मग गाडीचे फ्यूज एकेक उपटायचे, ज्याला आकडा पडतो ती लाइन चोराची. सगळे काढूनही पडला नाही, तर आरआर युनिटचा कपलर सोडून बघायचा, आतला डायोड गळत असतो कधी कधी. घाईत नवी बॅटरी उलटी जोडली गेली तर हे होऊ शकतं. नशीब चांगलं असेल तर नुसता मेन फ्यूज उडतो.

पावसाळ्यानंतरचा हिरवा गंज, इंजिनला जाणारी अर्थिंगची वायर, हे तुम्हाला मी काय सांगणार. खाण्याचा सोडा, गरम पाणी, कोरडं करून व्हॅसलीन.

मेकॅनिकबद्दल. मी मेकॅनिक नाही, व्हायचंही नाही. पण "साहेब, बॅटरी गेली" हे ऐकल्यावर "चार्जिंग किती दाखवतंय?" एवढं विचारता आलं तरी समोरचा माणूस मीटर काढतो, हा माझा अनुभव आहे. चांगल्या मेकॅनिकला त्या प्रश्नाचा राग येत नाही. माझ्या नेहमीच्या गॅरेजवाल्याला तर आता सवय झालीय, मी दिसलो की तोच आधी आकडा सांगतो.

मूळ लेखातलं १२.६ चं वाक्य आज दुरुस्त केलंय आणि सेल मारून मोजायची पद्धत त्यात घातलीय. चूक एका वाचकाने दाखवली हेही लिहिलंय.

एक विनंती. तुमच्याकडचा हायड्रोमीटर (बॅटरीतल्या ॲसिडची घनता मोजणारी नळी) अजून जपून ठेवलाय असं तुम्ही लिहिलंत. आमच्या सीलबंद बॅटऱ्यांना त्याचा काही उपयोग नाही, पण खालच्या मजल्यावरच्या आजोबांची जुनी गाडी आहे, बुचं उघडणारी बॅटरी आहे, आणि बॅटरीच्या आतला एक कप्पा (सेल) कमजोर असावा असा मला संशय आहे. तो मीटरने पकडता येत नाहीये. एखाद्या रविवारी याल का घेऊन? मल्टिमीटर मी आणतो.