स्टीव्ह कर यांच्या नऊ अंगठ्या फुकटच्या नाहीत

बास्केटबॉलवर बोलणाऱ्या मंडळींत एक दावा गेली कित्येक वर्षे फिरतो आहे, आणि सकाळी लवकर उठून एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे सामने पाहणारे आपल्याकडचे तरुणही तो हल्ली जसाच्या तसा पुढे पाठवतात. दावा असा, की स्टीव्ह कर हा या खेळाच्या इतिहासातला सर्वांत नशीबवान माणूस आहे. खेळाडू म्हणून त्याने मायकेल जॉर्डन आणि टिम डंकन यांच्या जिवावर पाच विजेतेपदे (आणि प्रत्येकाची एक अंगठी) मिळवली, प्रशिक्षक म्हणून गोल्डन स्टेट वॉरियर्स या संघात स्टीफन करीच्या जिवावर चार मिळवली, आणि त्याच्या जागी कोणालाही उभे केले असते तरी निकाल तोच लागला असता. सोबत पुरावे म्हणून पाच-सहा मुद्दे जोडलेले असतात. ते मुद्दे ऐकायला ठसठशीत आहेत, परंतु एकेक हातात घेऊन पाहिला तर त्यातला जवळजवळ कोणताही टिकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

पहिला मुद्दा खेळाडू म्हणून असलेल्या कारकिर्दीचा: कर हे केवळ प्रवासी होते, गाडी दुसरेच हाकत होते. आकडे वरवर पाहिले तर हे पटण्यासारखे आहे. एनबीएत ते ९१० सामने खेळले आणि त्यांपैकी केवळ ३० सामन्यांत सुरुवातीला कोर्टावर उतरणाऱ्या पहिल्या पाचांत होते. दर सामन्यामागे त्यांची सरासरी सहा गुणांची. १९८८ च्या खेळाडू निवडीत फिनिक्स सन्सने त्यांना घेतले तेव्हा त्यांचा क्रमांक ५० वा होता. उंची बेताची, उडी बेताची, वेग त्याहून बेताचा. अशा खेळाडूची सोय दोन हंगामांत संपते. हे मात्र पंधरा हंगाम टिकले, कारण तीन गुणांच्या फेकीत त्यांची कारकिर्दीची यशस्विता ४५.४ टक्के आहे आणि एनबीएच्या इतिहासात तिच्यापुढे आजवर कोणी गेलेले नाही.

१९९७ च्या अंतिम मालिकेतला सहावा सामना यासाठी नीट पाहावा. कर आणि जॉर्डन यांच्या शिकागो बुल्सचे युटाविरुद्ध गुण ८६-८६ असे बरोबरीत होते. टाइमआउटमध्ये बाकावर बसलेल्या जॉर्डनच्या लक्षात आले होते, की प्रतिस्पर्धी आपल्यावर दोघे धावून येतील आणि दुसरा जॉन स्टॉकटन असेल, म्हणजे कर मोकळे सुटतील. कर यांनी तिथेच सांगितले, की तो माझ्यावरून हटला तर मी तयार असेन. स्टॉकटन हटला, जॉर्डनने चेंडू दिला आणि पाच सेकंद उरलेले असताना कर यांनी फेकलेला चेंडू टोपलीत गेला. ज्या जॉर्डनने दोन वर्षांपूर्वी सरावात झालेल्या भांडणात कर यांच्या डोळ्यावर ठोसा मारला होता, त्याच जॉर्डनने विजेतेपदाचा चेंडू त्यांच्या हातात सोपवला. तेवढा विश्वास नशिबाने मिळत नाही.

२००३ मधला प्रसंग तर कमी लोकांना आठवतो. पश्चिम विभागाच्या अंतिम मालिकेत, डॅलसविरुद्धच्या सहाव्या सामन्यात कर यांचा तेव्हाचा सॅन अँटोनियोचा संघ मागे पडला होता आणि त्याचा प्रमुख खेळाडू टोनी पार्कर आजारी होता. ३७ वर्षांचे कर, जे त्या बाद फेरीत बहुतेक वेळ बाकावरच बसून होते, कोर्टावर उतरले आणि त्यांनी एकापाठोपाठ एक असे तीन गुणांचे चार फेक साधले. संघ अंतिम फेरीत पोहोचला. आठवडेच्या आठवडे कोणी बोलावत नसताना स्वतःला तयार ठेवणे ही या माणसाची खरी विद्या आहे, आणि पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्लीही तीच आहे.

‘नशीबवान’ या शब्दाबद्दलही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तो शब्द मला मनापासून खटकतो. कर यांचा जन्म बैरूतचा. त्यांचे वडील माल्कम कर हे तिथल्या अमेरिकन विद्यापीठाचे अध्यक्ष होते आणि १८ जानेवारी १९८४ रोजी कार्यालयाच्या दाराशी त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. अठरा वर्षांचे कर तेव्हा अॅरिझोना विद्यापीठात पहिल्या वर्षात शिकत होते. दोन दिवसांनी ते खेळायला उतरले, सामन्याआधीच्या स्तब्धतेत रडले आणि पहिलाच फेक त्यांनी टोपलीत घातला. चार वर्षांनी प्रतिस्पर्धी अॅरिझोना स्टेट विद्यापीठाच्या काही प्रेक्षकांनी वडिलांच्या मृत्यूवरून त्यांना डिवचणाऱ्या घोषणा दिल्या, तेव्हा त्यांनी पूर्वार्धातच २० गुण केले. या आयुष्याला ‘लॉटरी’ म्हणणाऱ्यांनी निदान एवढे तरी माहीत करून घ्यावे.

दुसरा मुद्दा अनुभवाचा: एकाही सामन्यात प्रशिक्षक नसलेल्या माणसाला २०१४ मध्ये थेट वॉरियर्ससारखा संघ मिळाला. हे खरे आहे, पण अर्धेच. त्याआधी ते ल्यूट ओल्सन, लेनी विल्किन्स, फिल जॅक्सन आणि ग्रेग पॉपोविच यांच्या हाताखाली खेळले होते, तीन वर्षे फिनिक्सचे महाव्यवस्थापक होते आणि मधल्या काळात दूरचित्रवाणीवर सामन्यांचे विश्लेषण करताना, आपण प्रशिक्षक झालो तर काय करू याची टिपणे आणि सामन्यांतल्या चालींच्या चित्रफिती साठवत होते. मुलाखतीला ते ही तयारी घेऊनच गेले.

तिसरा मुद्दा सर्वांत जास्त ऐकू येतो. संघ आधीचे प्रशिक्षक मार्क जॅक्सन यांनी घडवला होता आणि कर यांनी आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्या. जॅक्सन यांचे श्रेय मी नाकारणार नाही. २०१३-१४ मध्ये त्यांनी ५१ सामने जिंकून दिले होते, बचाव मजबूत केला होता, आणि करी व क्ले थॉम्पसन यांच्यावर जाहीर विश्वास टाकला होता. मात्र त्याच हंगामात हा संघ पासेसच्या संख्येत संपूर्ण लीगमध्ये तळाला होता. चेंडू एकाच्या हातात, बाकीचे चौघे बघत उभे, अशी गत होती. कर यांनी एका सामन्यात किमान ३०० पास हे लक्ष्य ठेवले. खेळाडू बहुतांशी तेच होते, पण आक्रमणाच्या कार्यक्षमतेत बारावा असलेला संघ एका वर्षात दुसरा झाला, बचावात पहिला आला, ६७ सामने जिंकला आणि १९७५ नंतरचे आपले पहिले विजेतेपद घेऊन गेला. पीठ आयते होते हे मान्य. पण त्याची रांगोळी आधी कोणाला जमली नव्हती.

त्यातही आंद्रे इग्वोडालाची गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. हा खेळाडू त्या दिवसापर्यंत आपल्या कारकिर्दीतले सर्वच्या सर्व ७५८ सामने पहिल्या पाचांत खेळला होता. ऑलिंपिक सुवर्णपदक त्याच्या नावावर होते. त्याला नव्या, अननुभवी प्रशिक्षकाने सांगितले, की तू आता बाकावरून ये, कारण तरुण हॅरिसन बार्न्सला सुरुवातीची संधी हवी आहे आणि राखीव फळीला तुझी बुद्धी हवी आहे. हे सांगण्याचा अधिकार आणि शब्द कोणाजवळ असणार? ९१० पैकी ८८० सामने बाकावरून सुरू केलेल्या माणसाजवळ. इग्वोडालाने ते मान्य केले आणि नियमित हंगामात एकदाही पहिल्या पाचांत तो नव्हता. अंतिम मालिकेत क्लीव्हलँडने २-१ अशी आघाडी घेतली, तेव्हा निक युरेन या संघाच्या अठ्ठावीस वर्षांच्या साहाय्यकाने आदल्या वर्षीच्या अंतिम मालिकेच्या चित्रफिती पाहून सुचवले, की उंचपुऱ्या अँड्र्यू बोगटला बसवून इग्वोडालाला सुरुवातीपासून खेळवावे. कर यांनी सामना सुरू होईपर्यंत पत्रकारांना ताकास तूर लागू दिला नाही; जिंकल्यावर मात्र आपण त्यांच्याशी खोटे बोललो हे कबूल केले आणि कल्पनेचे श्रेय युरेनला नाव घेऊन दिले. पुढचे तिन्ही सामने वॉरियर्सने जिंकले आणि मालिकेतला सर्वोत्तम खेळाडू इग्वोडाला ठरला.

चौथा मुद्दा ल्यूक वॉल्टनचा. २०१५-१६ च्या सुरुवातीला, पाठीच्या शस्त्रक्रियेतील गुंतागुंतीमुळे कर ४३ सामने बाहेर होते. सहायक वॉल्टन यांनी त्यांतले ३९ जिंकले. यावरून निष्कर्ष काढला जातो, की प्रशिक्षक कोणीही चालतो. पण वॉल्टन जो खेळ खेळवत होते तो कर यांनी बसवलेला होता, आणि सहायकही कर यांनीच निवडलेले होते. पुढे वॉल्टन स्वतंत्रपणे लॉस एंजेलिस लेकर्स आणि नंतर सॅक्रॅमेंटो यांचे प्रशिक्षक झाले. दोन्हीकडे त्यांना बाद फेरी एकदाही गाठता आली नाही. मी हे त्यांना कमी लेखण्यासाठी सांगत नाही. ‘कोणीही चालतो’ हे विधान पडताळून पाहण्याची जी एकमेव संधी काळाने दिली, तिचे उत्तर हे असे आले.

याच अंगाने १२ फेब्रुवारी २०१८ चा सामनाही पुढे केला जातो. फिनिक्सविरुद्ध कर यांनी टाइमआउटमधला फलक खेळाडूंच्या हातात दिला; इग्वोडाला, ड्रेमंड ग्रीन आणि डेव्हिड वेस्ट यांनी चाली आखल्या आणि संघ १२९-८३ असा जिंकला. ‘बघा, प्रशिक्षकाची गरजच नाही!’ मला तर यात उलट दिसते. सलग तीन वर्षे अंतिम फेरी खेळून आलेल्या संघाला आपला आवाज ऐकून कंटाळा आला आहे, हे ओळखणे आणि लाखो लोकांसमोर बाजूला उभे राहणे, हा प्रशिक्षकाचाच निर्णय होता. आपल्या खुर्चीची धास्ती असलेला माणूस तो घेत नाही.

केव्हिन ड्युरंटबद्दलचा मुद्दा लवकर आटोपता येतो. तो २०१६ च्या उन्हाळ्यात आला आणि २०१९ मध्ये गेला. २०१५ चे विजेतेपद आणि २०१५-१६ च्या हंगामातला ७३ विजयांचा विक्रम त्याच्या आधीचा, २०२२ चे विजेतेपद त्याच्या नंतरचे.

उरला २०१९-२० चा हंगाम: १५ विजय, ५० पराभव, लीगमध्ये सर्वांत वाईट. ड्युरंट गेलेला, थॉम्पसन गुडघ्याच्या दुखापतीने पूर्ण वर्ष बाहेर, आणि हात मोडल्यामुळे करी फक्त पाच सामने खेळला. एवढ्या मोडतोडीत कोणता प्रशिक्षक जिंकतो? खेळाडूंशिवाय प्रशिक्षक जिंकतो असा दावा कर यांच्या बाजूने कोणी केलेलाच नाही. बोलायचे असेल तर त्यानंतरच्या दोन वर्षांबद्दल बोलावे. आधीच्या मिनेसोटा संघात ज्याच्याबद्दल निराशाच बोलली जात होती तो अँड्र्यू विगिन्स २०२२ मध्ये अंतिम मालिकेच्या पाचव्या सामन्यात २६ गुण आणि १३ रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू) करून गेला. गॅरी पेटन धाकटा अनेक संघांतून सुटलेला होता आणि हंगामापूर्वी त्याने वॉरियर्समध्येच चित्रफिती सांभाळण्याच्या नोकरीची विचारणा केली होती; तोच बचावातला महत्त्वाचा मोहरा ठरला. जागा नसलेल्या खेळाडूची जागा शोधून देणे हे कर यांना जमते, कारण ते काम आधी त्यांनी स्वतःसाठी केले आहे.

आता जे खरे आहे तेही लिहिले पाहिजे. फिनिक्सला महाव्यवस्थापक असताना शकील ओनीलला आणण्याचा सौदा त्यांनी केला, पण तो अंगलट आला. २०२३ च्या विश्वचषकात त्यांचा अमेरिकी संघ चौथा आला. आणि २०१६ ची अंतिम मालिका ३-१ अशी आघाडी असताना गेली. त्यातल्या सातव्या सामन्यात, बोगट जायबंदी असताना फेस्टस एझेली याला त्यांनी सुरुवातीला आणि पुन्हा चौथ्या सत्रात खेळवले, त्याने एकही गुण केला नाही आणि वॉरियर्स घरच्या मैदानावर ८९-९३ असे हरले. हा निर्णय चुकला असे मलाही वाटते आणि त्यावरून कर यांना धारेवर धरणाऱ्यांशी माझे भांडण नाही. मात्र बहुतेक वेळा तीच माणसे पुढच्या वाक्यात म्हणतात, की या संघाला प्रशिक्षक कोणीही चालला असता. एझेलीला खेळवल्यामुळे विजेतेपद गेले असेल, तर आदल्या वर्षी इग्वोडालाला खेळवल्यामुळे ते आले होते. दोन्ही निर्णय बाकाच्या त्याच टोकाला, त्याच माणसाने घेतले होते.