‘खान्देशात वाळवी टिकत नाही’ या मेसेजला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला गावच्या ग्रुपवर आला, भाऊबंदांच्या ग्रुपवर आला, आणि ज्यांच्या घराचं काम सध्या मी बघतोय त्या नानांनीही पाठवला. खाली त्यांनी विचारलं होतं, "मग आपण ते औषध मारायचं का राहू द्यायचं?" नानांच्या घराचं जोतं बांधून झालंय, भरणी चालू आहे. प्रश्न आत्ताच्या आत्ता उत्तर मागणारा आहे, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: वाळवी हा कोकणातल्या दमट हवेचा रोग, आपल्याकडच्या पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ती जगत नाही. आरसीसी घर आणि सागवानी चौकट असेल तर चिंताच नको. तरी दिसलीच तर रॉकेल नाहीतर जळकं ऑइल मारा, घराच्या पायात खडेमीठ टाका, मुळासकट जाते. वारूळ खणून राणी मारली की विषय संपला. आणि पेस्ट कंट्रोल म्हणजे निव्वळ पैसे उकळायचा धंदा.

अमळनेर, चोपडा, पारोळा या पट्ट्यात अठरा वर्षं मी घरं बांधतोय आणि जुनी दुरुस्त करतोय. हा मेसेज वाचून गप्प बसलेल्या लोकांची घरं मी उघडून पाहिली आहेत.

आधी उन्हाचं. वाळवीचं अंग मऊ, पातळ कातडीचं. मे महिन्याच्या उन्हात उघड्यावर टाकली तर ती थोड्याच वेळात वाळून मरते, एवढं खरं आहे. पण ती उघड्यावर येतेच कुठे? तिचं घर जमिनीत असतं आणि वर यायचं तर ती मातीची नळी बांधत येते. ही नळी पेन्सिलीएवढी जाड असते, भिंतीच्या कोपऱ्यातून किंवा चौकटीच्या कडेने वर चढते. भर मे महिन्यात अशी नळी नखाने फोडून पाहा. बाहेरची माती कोरडी ठणठणीत लागेल, आतली बोटाला गार लागेल. भोकाशी आधी तपकिरी डोक्याचे, मोठ्या जबड्याचे शिपाई येऊन उभे राहतात. मग कामकरी येतात, तोंडात ओल्या मातीचा कण घेऊन. सकाळी फोडलेली नळी दुसऱ्या दिवशी बुजलेली मी कितीदा तरी पाहिली आहे. बाहेर ४५ अंश असले तरी त्या नळीतली हवा दमटच असते.

जमिनीखालीही तेच. विहीर खणलेल्या कुठल्याही माणसाला विचारा, वैशाखात वरची माती तापून हात भाजतो आणि कंबरभर खाली गेलं की गारवा लागतो. वाळवी त्या गारव्यात राहते. आपल्या शेताबांधावर वारुळं करणारी जी वाळवी आहे, तिच्या काही जाती वारुळात बुरशीची शेती करतात. खाल्लेल्या पालापाचोळ्यावर ती बुरशी वाढवायची आणि तीच खायची. पाऊस पडल्यावर वारुळावर जी अळंबी उगवते ती त्याच बुरशीची. बुरशी जगवायला जिला आत ओल राखता येते, तिला ऊन काय करणार?

शिवाय ओल आपणच पुरवतो. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय, कारण इथे खान्देश कोकणापेक्षा वेगळा आहे. आपल्याकडे मार्चपासून जूनपर्यंत खिडकीला कूलर लागतो. चार महिने त्याचं पाणी ठिबकत राहतं: टाकी भरताना सांडतं, जाळीतून झिरपतं, खालच्या भिंतीवरून उतरून जोत्याशी मुरतं. सगळं अंगण तडकलेलं असतं आणि नेमकी कूलरखालची दोन फूट जागा ओली. पाण्याच्या शोधात फिरणाऱ्या वाळवीला याहून सोपी वाट कोणती? ज्या घरात चौकट खाल्लेली मी पाहिली, त्यातल्या निम्म्याअधिक घरांत ती कूलरच्याच खिडकीची होती. चोपड्याकडच्या एका घरात गेलो तर त्या माउलीने आधी खिडकीच दाखवली. म्हणाली, "भाऊ, चौकटले हात लावा ते बोट मझार गयं." (चौकटीला हात लावला तर बोट आत गेलं.) वर ऑइलपेंटची साल जशीच्या तशी, चकचकीत. मी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो मुठीपर्यंत गेला. आत लाकडाच्या नुसत्या पातळ पापुद्र्या उरल्या होत्या आणि मधे माती भरलेली.

दुसरी आपली खास गोष्ट म्हणजे काळी जमीन. तापीच्या खोऱ्यातली ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, मनगट जाईल एवढ्या भेगा पडतात. घराखाली तीच माती असेल आणि पाया नीट घेतला नसेल तर जोतं हलतं, फरशी आणि भिंत यांच्या सांध्यात चीर पडते. दरवर्षी फुगायचं, दरवर्षी आक्रसायचं. ती चीर कधी कायमची बुजत नाही, आणि वाळवी तिथूनच आत शिरते.

आणि पावसाळ्याचे चार महिने? जूनच्या पहिल्या दमदार पावसानंतर संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा जमतो, सकाळी ओट्यावर पंखांचा केर पडलेला असतो. त्यात पंखवाल्या मुंग्याही असू शकतात, म्हणून एक किडा हातात घेऊन बघा. चारही पंख सारख्या लांबीचे आणि कंबर जाड असेल तर ती वाळवी. मुंगीची कंबर बारीक असते आणि पुढचे पंख मागच्यांपेक्षा मोठे. असा केर घराच्या आत, चौकटीपाशी सापडला तर वाळवी घरातूनच निघाली असण्याची शक्यता मोठी. जिथे हे थवे उठतात, तिथे ‘वाळवी टिकत नाही’ असं म्हणणं डोळ्यांवर हात ठेवण्यासारखं आहे.

आता आरसीसी. वाळवी सिमेंट खात नाही, हे बरोबर. पण तिला आत यायला मिलिमीटरभराची चीरही पुरते. फरशीचा सांधा, मोरीचा पाइप जिथून भिंतीत शिरतो ती जागा, लाइटचे पाइप: या सगळ्या तिच्या वाटा आहेत. स्विचबोर्ड उघडला आणि आत माती निघाली, असं तीन घरांत झालंय. आरसीसी घरात तर खायलाही भरपूर असतं. प्लायवूडचं कपाट, एमडीएफचा किचनचा दरवाजा, पुस्तकं, गाद्यांखालचा दिवाण. दुकानदार प्लाय ‘वॉटरप्रूफ’ म्हणून देतो, ते पाण्यासाठी. वाळवीची प्रक्रिया केलेली आहे का, हे वेगळं विचारावं लागतं. आणि शटरिंगच्या तुटक्या फळ्या, खुंट्या, सिमेंटच्या कागदी गोण्या जोत्याच्या भरणीत गाडून टाकायची जी वाईट सवय आपल्या साइटवर आहे, ती म्हणजे फरशीखाली वाळवीला वर्षभराचा शिधा भरून देणं.

सागवानाबद्दल मेसेज अर्धा खरा आहे. सागाच्या गाभ्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं नैसर्गिकच असतात. म्हणून तर सातपुड्यातल्या जुन्या सागाचे खांब आणि सर (आडव्या तुळया) शंभर वर्षांच्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या छताच्या, घरात अजून ठणठणीत आहेत. पण हा गुण गाभ्याचा. सालीलगतच्या पांढुरक्या लाकडात तो नसतो. आज बाजारात येणारा बराचसा साग कमी वयाचा असतो, त्यात पांढरा भाग जास्त. सुताराने चौकटीत पांढरी कड ठेवली तर वाळवी बरोबर तीच खाते. आजोबांच्या खांबाकडे बोट दाखवून आपल्या चौकटीची हमी देता येत नाही.

रॉकेल, जळकं ऑइल, मीठ यांच्यामुळे नुसते पैसे जात नाहीत, घरही जातं. रॉकेल अंगावर पडलेली वाळवी मारतं. पण खाणारे शंभर मेले तरी जमिनीत हजारो-लाखो शिल्लक असतात. रॉकेल काही दिवसांत उडून जातं, वाळवी वाट बदलते, आणि आपल्याला वाटतं गेली. पारोळ्याच्या एका घरात दिवाणामागच्या नळीवर दोन पावसाळ्यांत तीनदा रॉकेल मारलं गेलं. दर वेळी नळी नाहीशी झाली. तिसऱ्या वर्षी त्याच भिंतीतलं कपाट उघडलं तेव्हा शेताचं खरेदीखत, मुलीच्या मार्कशिटा, सगळ्याचा मातीचा गोळा झाला होता. वाळवी दिवाणामागची वाट सोडून भिंतीच्या आतून कपाटात गेली होती. त्या घरातल्या बाई कागदाचे तुकडे ताटात मांडून बसल्या होत्या. ते मी विसरलेलो नाही. बंद खोलीत रॉकेल मारण्याने आगीचा धोका येतो तो वेगळाच.

जळकं ऑइल लाकूड काळं करतं आणि जमिनीत मुरून विहिरीच्या, बोअरच्या पाण्यापर्यंत जाऊ शकतं. मिठाचं तर कळकळीने सांगतो, टाकू नका. पायात मीठ घातलं की त्यातलं क्लोराइड ओलीबरोबर काँक्रीटमध्ये शिरतं आणि आतली सळई गंजवतं. सळई गंजली की फुगते, काँक्रीट सुटतं. कडुनिंबाच्या तेलाला मी वाईट म्हणणार नाही, त्याने लाकडावर थोडा काळ अटकाव होतो. पण ते जमिनीतल्या वसाहतीपर्यंत पोचत नाही. म्हातारी माणसं अजून ‘ती बीएचसी पावडर’, म्हणजे जुनं कीटकनाशक, मागतात. ती १९९७ पासून देशात बंद आहे, कारण ती माती-पाण्यात आणि अंगात साठत जाते. कोणी गुपचूप देत असेल तरी घेऊ नका.

राणीबद्दल थोडक्यात. घरातली चौकट खाणाऱ्या बऱ्याच जाती वारूळ बांधतच नाहीत, त्यांची वसाहत जमिनीत नाहीतर लाकडातच असते. खणायचं कुठे? आणि काही जातींत राणी मेली तर दुय्यम राण्या तयार होतात. बांधावरचं वारूळ फोडून घर वाचत नाही. ते राहू द्या, नागपंचमीला पूजतो ते वारूळ वाळवीनेच बांधलेलं असतं.

त्यापेक्षा परसदार बघा. कपाशीच्या पऱ्हाट्या, तूरखाट्या, सरपण घराच्या भिंतीला टेकवून रचलेलं असतं, खालचा थर मातीत रुतून कुजलेला. तो ढीग भिंतीपासून लांब, दगडांवर किंवा विटांवर उचलून ठेवा. कूलरचं पाणी नळी लावून लांब सोडा. जोत्याची कड दिसती ठेवा, कारण नळी दिसली तर उपाय करता येतो. याला एक रुपया लागत नाही आणि निम्मं काम यातच होतं.

राहिला पेस्ट कंट्रोलचा धंदा. यात फसवणारे आहेत, हे मी नाकारत नाही. भिंतीवर फवारा मारून पाच वर्षांच्या हमीचा कागद देणारे मीही पाहिले आहेत. पण त्यावरून उपायच खोटा ठरत नाही, काम कसं व्हायला हवं हे आपल्याला माहीत हवं. त्यासाठी आयएस ६३१३ हे भारतीय मानक आहे. बांधलेल्या घरात भिंत आणि फरशीच्या सांध्यालगत साधारण १२ मिलिमीटरची भोकं, ३० सेंटिमीटर अंतराने पाडायची, प्रत्येकात सुमारे एक लिटर द्रावण सोडायचं आणि भोक बुजवायचं. औषध खालच्या मातीत जायला हवं, भिंतीवर नव्हे. आजकाल इमिडाक्लोप्रिड नावाचं औषध वापरतात. वाळवीला ते कळत नाही, ती त्यातून जाते आणि सोबतच्यांनाही लावते. सीलबंद डबा तुमच्या समोर फोडायला सांगा, लेबलवर वाळवीसाठी आणि इमारतीसाठी असं लिहिलंय का बघा, परवाना मागा. विहीर किंवा बोअर जवळ असेल तर आधी सांगा. शेतातली बाटली आणून घरात स्वतः मारू नका, लेकरं त्याच फरशीवर रांगतात.

नवं घर असेल तर काम सगळ्यात सोपं आणि स्वस्त असतं, फक्त एकदाच संधी असते. नाना, तुमचं उत्तर इथे आहे. औषध मारायचं. भरणी दाबून झाली की काँक्रीट पडायच्या आधी, चौरस मीटरला पाच लिटर द्रावण, या हिशोबाने. तुमची जागा हजार चौरस फूट, म्हणजे साधारण ९३ चौरस मीटर, म्हणजे नुसत्या तळाला ४६५ लिटर. पाठीवरचा पंप पंधरा लिटरचा असतो, तो ३१ वेळा भरायला हवा. कोणी दोन पंप शिंपडून ‘झालं’ म्हणाला तर काम झालेलं नाही. भिंतीलगतच्या भरावाचं माप वेगळं, तिथे चौरस मीटरला साडेसात लिटर. पाऊस चालू असताना किंवा माती ओली असताना मारायचं नाही, औषध वाहून जातं. म्हणून गुरुवारी आभाळ मोकळं असेल तर सकाळी सातला सुरू करू, दुपारी लगेच काँक्रीट. भरणीत दोन फळ्या आणि सिमेंटच्या चार गोण्या काल मला दिसल्या, त्या आज संध्याकाळी काढून घ्या. पंप मोजायला मी उभा राहतो, तुम्हीही या.