काळी माती ही ज्वालामुखीची राख नाही

गेल्या पावसाळ्यापासून शेतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मलाच तो पाच-सहा जणांकडून आला. सार असं: “सह्याद्री ज्वालामुखीतून जन्मला, म्हणजे आपली काळी माती ही ज्वालामुखीची राख. अशी माती जगात सर्वांत सुपीक, तिला खतं लागत नाहीत. जावा-जपानमधल्या ज्वालामुखींच्या उतारांवरची घनदाट जंगलं हा त्याचा पुरावा. आणि झाडी असली की ही माती डोंगरावरून सरकत नाही.” मावसभावाने तो पाठवून खाली विचारलं होतं, “दादा, मग यंदा सुपर फॉस्फेट नाही टाकलं तर चालेल का?” त्याला फोनवर उत्तर दिलं. पण मेसेज थांबलेला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

“आपली काळी माती ही राख आहे.” नाही. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये मुख्यतः लाव्हा वाहिला. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला, मग त्यावर पुढचा आला. माळशेज घाटात गाडी थांबवून कड्याकडे बघा, हे थर एकावर एक रचलेले दिसतात. राख स्फोटातून तयार होते. शिलारसात, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकात, कोंडलेले वायू एकदम सुटतात आणि त्या रसाच्या काचेसारख्या बारीक ठिकऱ्या होऊन आभाळात उडतात. दख्खनच्या थरांमध्ये कुठेकुठे राखेच्या खुणा सापडतात, पण आपल्या शेतातली काळी माती झाली ती काळ्या पाषाणाची झीज होऊन. तिच्यातली चिकणमाती पाणी लागलं की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात कोपरापर्यंत हात जाईल अशा भेगा तिला पडतात. राखेची माती अशी वागतच नाही.

ती कशी वागते, हे मी एकदा हातात घेऊन बघितलंय. जावा बेटावर बांडुंगच्या उत्तरेला लेंबांग म्हणून गाव आहे, तांगकुबान पराहू या ज्वालामुखीच्या उतारावर. तिथे पाइनच्या झाडांखाली पाचोळा बाजूला करून मी मूठभर माती उचलली. आधी जाणवला तो हलकेपणा. एवढ्या ओल्या मातीची मूठ आपल्याकडे चांगली जड लागली असती. मग अंगठ्याखाली चोळली. सुरुवातीला ती रवाळ होती, आणि जरा जोर देताच एकदम बोटं ओली झाली आणि ती लोण्यासारखी घसरली. पाणी तिच्या आतच बसलेलं होतं, दाबल्यावर बाहेर आलं.

याचं कारण राखेच्या काचेत आहे. काच पाण्यात लवकर विरघळते, आणि त्यातलं सिलिका व अ‍ॅल्युमिनियम नीट स्फटिक बांधायच्या आतच अतिसूक्ष्म पोकळ गोळ्यांच्या रूपात जमतं. या खनिजाला अ‍ॅलोफेन म्हणतात. त्याची एक गोळी म्हणजे मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला जेमतेम एक भाग. अशा पोकळ गोळ्यांची आणि कुजलेल्या पाल्याची घडण असल्यामुळे या मातीची घनता घन सेंटिमीटरला ०.९ ग्रॅम किंवा त्याहूनही कमी भरते. आपली काळी माती १.३ च्या आसपास किंवा वर असते. शंभर ग्रॅम कोरड्या मातीत शंभर ग्रॅमहून जास्त पाणी मावणं हे राखेच्या मातीत नवल नाही.

मात्र ती एकदा कडक वाळली की बिघडते. काही जागची राखेची माती उन्हात पूर्ण सुकवली तर तिचे वाळूसारखे कण होतात आणि मग कितीही पाणी घाला, ती पहिल्यासारखी होत नाही. आपली काळी माती दर उन्हाळ्यात भाजून निघते आणि मृगाच्या पावसात पुन्हा फुगते. दोघींच्या स्वभावात एवढा फरक आहे.

“तिला खतं लागत नाहीत.” मेसेजमधलं सर्वांत नुकसान करणारं वाक्य हेच. राखेची माती स्फुरद (फॉस्फरस, म्हणजे सुपर फॉस्फेटमधलं अन्नद्रव्य) असं धरून ठेवते की पिकाला ते मिळत नाही. अ‍ॅलोफेनमधलं अ‍ॅल्युमिनियम आणि मातीतलं लोह फॉस्फेटला चिकटवून टाकतात. हा गुण इतका पक्का आहे की मृदाशास्त्रात ही माती ओळखण्याच्या कसोट्यांमध्ये “दिलेल्या फॉस्फेटपैकी ८५ टक्के किंवा जास्त अडकतं का” ही एक कसोटी आहे. शेतातही तिची एक झटपट परीक्षा होते. फिनॉल्फथॅलिन (सामू चढला की लाल होणारं रसायन) लावलेल्या कागदावर चिमूटभर माती ठेवून सोडियम फ्लोराइडच्या द्रावणाचे थेंब टाकायचे. अ‍ॅल्युमिनियम तसं मोकळं असेल तर सामू (pH) चढतो आणि कागद लाल होतो.

जपानमध्ये या मातीला कुरोबोकू म्हणतात. रंगाने काळीभोर, सेंद्रिय कर्बाने भरलेली, हाताला भुसभुशीत. या वर्गाचं शास्त्रीय नाव अँडोसोलही जपानी शब्दांवरूनच आलंय: ‘आन’ म्हणजे गडद, ‘दो’ म्हणजे माती. इतकी देखणी माती असूनही ती तिथे बराच काळ निकृष्ट जमीन मानली जायची. दुसऱ्या महायुद्धानंतर भरपूर फॉस्फेट आणि चुना घालायला लागल्यावर ती चांगली पिकू लागली. म्हणजे मेसेज ज्या देशाचं उदाहरण देतो, तिथल्याच शेतकऱ्यांचा अनुभव त्याच्या उलट आहे.

आपल्या काळ्या मातीतही स्फुरद अडकतं, पण दुसऱ्या कारणाने. तिचा सामू बहुतेक ठिकाणी आठच्या आसपास, त्यात चुनखडी, त्यामुळे कॅल्शियम फॉस्फेटला बांधून टाकतं. जावातली माती आम्ल, आपली विम्ल (अल्कधर्मी). तिथला उपाय इथे चालत नाही आणि इथला तिथे. मावसभावाला मी एवढंच सांगितलं की माती परीक्षण करून घे, अहवालात स्फुरद किती आहे ते बघ आणि मगच सुपर फॉस्फेटचं ठरव. मेसेज वाचून पोतं परत करू नकोस.

“घनदाट जंगल हा सुपीकतेचा पुरावा.” यात अर्धं सत्य आहे. राखेच्या मातीवर जंगल खरोखर जोमाने वाढतं, पण ते पाण्याच्या जोरावर. अमेरिकेत ऑरेगनमधला माझामा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटला. त्याच्या जागी आज क्रेटर लेक आहे. त्याची राख वाऱ्यावर शेकडो किलोमीटर जाऊन उत्तर आयडाहो आणि आसपासच्या डोंगरांवर बसली. तिथला उन्हाळा कोरडा असतो. ज्या उतारांवर राखेचा थर टिकला, तिथली झाडं या साठलेल्या ओलीवर उन्हाळा काढतात आणि चांगली वाढतात. अन्नद्रव्यांचं म्हणाल तर ती मुख्यतः वरच्या पाचोळ्यात फिरत राहतात: पान गळतं, कुजतं, मुळं ते पुन्हा उचलतात. जंगल तोडून पाचोळा हलवला की हे चक्र तुटतं. त्यातून ही माती हलकी आणि पोकळ असल्यामुळे ओंडके ओढणाऱ्या अवजड यंत्रांखाली चटकन दबते आणि लवकर सुटत नाही. राखेचा हा थर हजारो वर्षांपूर्वी एकदाच पडलाय. वाहून गेला तर परत कुठून येणार?

“झाडी असली की माती सरकत नाही.” इथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. ६ सप्टेंबर २०१८ ला पहाटे ३ वाजून ७ मिनिटांनी जपानच्या होक्काइदो बेटावर भूकंप झाला. अत्सुमा गावाभोवतीच्या टेकड्या झाडांनी भरलेल्या होत्या. त्या टेकड्यांवर तारुमाए आणि एनिवा या ज्वालामुखींच्या जुन्या स्फोटांतली राख आणि प्यूमिस (सच्छिद्र, हलका ज्वालामुखी दगड) उताराला समांतर थरांनी बसलेली होती. थरांचा तळ हजारो वर्षांत झिजून पाणी धरणारी मऊ चिकणमाती झाला होता. हादरा बसताच त्या तळाने साथ सोडली आणि वरचा थर झाडांसकट खाली आला. हजारो दरडी कोसळल्या, अत्सुमात ३६ माणसं गेली. सरकणारा तळ मुळांच्या खाली असेल तर मुळं कशाला धरणार?

भूकंपच लागतो असंही नाही. इटलीत सार्नोजवळच्या डोंगरांवर व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या स्फोटांची राख चुनखडीच्या खडकावर बसलेली आहे आणि वर चेस्टनटची झाडी आहे. ५ मे १९९८ ला पावसाने तीच राख चिखल होऊन गावांत शिरली आणि सुमारे १६० माणसं गेली. डोंगरात वाटांसाठी जिथे काप घेतले होते, तिथून कित्येक दरडी सुटल्या.

मुळांमुळे वरवरची माती नक्कीच धरून राहते, झाडं तोडावीत असं मी म्हणत नाही. माळीण आणि इर्शाळवाडीचे डोंगर राखेचे नाहीत, तिथली कारणं वेगळी आहेत. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्या माणसाने हा मेसेज वाचून पावसाळ्यात निर्धास्त झोपावं, हे मला सहन होत नाही. उताराला नव्या भेगा दिसल्या, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर वर जंगल कितीही दाट असो, घर सोडून बाहेर पडा.

राहिली खऱ्या राखेची गोष्ट. ती महाराष्ट्रात आहे, आणि मला तिचं फार अप्रूप आहे. जुन्नर तालुक्यात कुकडीच्या काठी बोरी गावाजवळ नदीच्या जुन्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याच गाळात आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. ही राख सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीची मानतात. ती ७४ हजार वर्षांपूर्वीच्या महास्फोटाची की त्याहून कितीतरी जुन्या स्फोटाची, यावर अभ्यासकांचा वाद अजून चालू आहे. मावसभाऊ टोमॅटो घेऊन नारायणगावच्या बाजारात येतो, बोरी तिथून फार लांब नाही. पुढच्या खेपेला गाडी रिकामी झाली की त्याला तो थर दाखवायला नेणार आहे. त्याच्या शेतातलं एक ढेकूळ सोबत आणायला सांगितलंय.