‘पुसलं तर काळं निघालं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब. ऐन चतुर्थीच्या तोंडावर तुम्हाला मनस्ताप झाला, त्याबद्दल माफी असावी. विमानाच्या मॉडेलखालचा बेस उशिरा मिळाला, 2200 रुपये घेतले ते जास्त झाले, चहा सांडल्यासारखे डाग आहेत आणि पुसल्यावर काळं निघालं, असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलात. पैसे जास्त वाटले तर वाटले, त्यात सामान थोडं आणि हातकाम जास्त. पण ‘रंग निघतो’ हे वाचून उद्या आमच्याकडं ऑर्डर कोण देणार? म्हणून तेवढं सविस्तर लिहावं लागतंय.

तुमच्या 1/48 मिग-21 साठी, म्हणजे खऱ्या विमानाच्या 48 पट लहान मॉडेलसाठी, 9 एमएमचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) घेतला, 40 बाय 25 सेंटिमीटर. बेळगावच्या पावसात एमडीएफ एकाच अंगानं रंगवला तर दुसऱ्या अंगानं ओल ओढून वाकतो, म्हणून खालची बाजू आणि चारी कडा आधी सीलरनं बंद केल्या. विमानतळावरच्या काँक्रीटच्या चौकोनांचे सांधे 9.4 सेंटिमीटरवर कोरले, म्हणजे प्रत्यक्षात साडेचार मीटर. नुसता करडा मारला की घरातली फरशी दिसते. त्यामुळं करड्यात थोडा बदामी घालून, मास्किंग टेप लावून एकेका चौकोनाची छटा वेगळी केली. सांध्यांत बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि काळा ऑइल पेंट टर्पेंटाइननं पातळ करून सोडला, बाहेर आलेला कोरड्या ब्रशनं ओढून घेतला. टायरच्या खुणा मात्र पेस्टलच्या, म्हणजे रंगीत खडूसारख्या कांडीच्या, पुडीच्या. ती ब्रशनं दाबून बसवायची, पण तिला धरून ठेवतो तो शेवटचा मॅट वार्निशचा हात.

तोच हात राहिला होता. खाली ऑइल पेंट ओला असताना वार्निश मारलं तर वरचा थर आधी सुकतो आणि भेगा पडतात. पेंट बोटाला चिकटायचा थांबेपर्यंत थांबावंच लागतं, आणि श्रावण-भाद्रपदात ते लवकर होत नाही. त्यात पाऊस चालू असताना हे लॅकरचं वार्निश स्प्रेनं मारलं तर ते हवेतली ओल धरतं. काळ्या सांध्यांवर पांढुरकी झाक येते, केलेलं सगळं काम जातं. हे सगळं तुम्हाला दुकानात सांगितलेलं. ‘उद्या आरास मांडायची आहे, आहे तसंच द्या, पुसतंय कोण?’ हे तुमचेच शब्द. मग पुसलं कुणी, तेही ओल्या फडक्यानं?

आणि ते ‘चहाचे’ डाग म्हणजे विमानाच्या पोटाखाली गळलेलं तेल, ते मुद्दाम काढलेत. नाकाचं चाक पुढच्या सांध्याच्या बोटभर अलीकडं ठेवा, डाग बरोबर पोटाखाली येतील. फोटोत तुम्ही मॉडेल उलट्या तोंडानं ठेवलंय.

चांगली उघडीप मिळाली की बेस घेऊन या. पेस्टल परत भरून वार्निश मारून देतो, पैसे नकोत. तोवर फडकं लावू नका, धूळ बसली तर मऊ ब्रशनं झटका. पुढच्या खेपेपासून गणपतीच्या ऑर्डरी जरा लवकर घ्यायचं बघतोय, आणि काम अर्धं नेलं तर काय राहिलंय ते बिलावर लिहून सही घेऊ. स्टारचं तुम्हाला पटेल तसं करा.